नाटककाराचे बालपण आणि पाण्याचा घोट

नाटककाराचे बालपण हा मराठी समीक्षेचा एक आवडता विषय आहे. मुलाखत घेणारा पहिला प्रश्न तोच विचारतो, प्रस्तावना लिहिणारा तेथूनच सुरुवात करतो, आणि एखादे नाटक अभ्यासक्रमाला लागले की 'नाटककाराची जडणघडण' या मथळ्याखाली पोरांच्या वहीत दोन पाने उतरतात. याला माझा आक्षेप नाही. माणूस नाटक लिहितो ते कोठून तरी आणून लिहितो आणि त्यातले बरेचसे पहिल्या दहा-बारा वर्षांत जमा झालेले असते, हे खरेच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. हा शोध सर्वांच्या बाबतीत सारख्या रीतीने घेतला जात नाही. एकाच्या बालपणात आपले समीक्षक त्याचे मन शोधतात, दुसऱ्याच्या बालपणात फक्त त्याचा विषय शोधतात. पहिल्याचे एकटेपण ही संवेदनशीलता ठरते, दुसऱ्याची तहान ही माहिती ठरते.

फेब्रुवारी २०१९मध्ये ९९वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन आमच्या नागपुरात भरले आणि प्रेमानंद गज्वी त्याचे अध्यक्ष होते. त्या दिवसांत एक तरुण वार्ताहर सदरला माझ्या घरी आला. मुलगा चांगला होता, आपल्याच समाजातला होता. त्याने वही उघडून मला विचारले, "सर, गज्वींना लहानपणी किती सोसावे लागले?" मी त्याला म्हटले, "बाबू, त्यांनी लहानपणी काय पाहिले, काय ऐकले, हे का नाही विचारत?" तो गोंधळला. दोन्हींत फरक काय, असे त्याच्या चेहऱ्यावर होते. तो फरक त्या दिवशी चहाच्या कपावर मला नीट सांगता आला नाही, म्हणून हा लेख.

विदर्भातलेच दोन नाटककार घेऊ. महेश एलकुंचवार १९३९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या पारवा या गावी जन्मले, प्रेमानंद गज्वी १९४७ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिंपळगावी. अंतर आठ वर्षांचे. एकाचे घर जमीनदार ब्राह्मणाचे, दुसऱ्याचे महाराचे. उन्हाळा मात्र दोघांनाही विदर्भाचाच मिळाला.

एलकुंचवारांना शाळेसाठी फार लहान वयात घर सोडावे लागले. त्या तुटलेपणाबद्दल त्यांनी 'मौनराग'मध्ये लिहिले आहे आणि ते लेखन मी आदराने वाचतो. ते नाटकाकडे कसे वळले याची हकीकतही प्रसिद्ध आहे. नागपुरात एका संध्याकाळी सिनेमाची तिकिटे मिळाली नाहीत, म्हणून ते नाटकाला गेले. नाटक तेंडुलकरांचे 'मी जिंकलो! मी हरलो!', दिग्दर्शन विजया मेहता यांचे. ते पाहून इतके भारावले की दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पुढे १९६७ साली 'सत्यकथे'त 'सुलतान' ही एकांकिका आली आणि मराठी रंगभूमीला एक मोठा नाटककार मिळाला. सदरचा माणूस म्हणून मला ही हकीकत विशेष आवडते. आमच्या भागात लिबर्टी टॉकीज, आणि तिकीट न मिळणे हा आमचाही नित्याचा अनुभव. आम्ही फक्त तिकीट न मिळाल्यावर घरी परत येत असू.

या हकीकतीत प्रेरणा बाहेरून येते. रोजचे जगणे एका बाजूला चालू असते आणि एका संध्याकाळी काहीतरी वेगळे घडून माणूस पेटतो. हे खोटे नाही. पण प्रतिभेचा हाच एक नमुना धरून आपण सर्वांना मोजू लागलो तर घोटाळा होतो. ज्याच्या रोजच्या जगण्यातच पदोपदी प्रवेश आणि प्रस्थाने ठरलेली आहेत, त्याचे काय?

आता मला सदरबद्दल थोडे सांगावे लागेल. इंग्रजांच्या रेसिडेन्सीच्या आधाराने वाढलेला हा भाग. एका बाजूला रेसिडेन्सी रोड, चर्चे, मिशनच्या शाळा, बंगले; आणि हाकेच्या अंतरावर गड्डीगोदाम, खलाशी लाइन. आता रस्त्यावर उड्डाणपूल झाला आहे आणि पुलावरून जाणाऱ्याला ही दोन्ही जगे एकदमच मागे टाकता येतात. माझ्या लहानपणी ती पायी ओलांडावी लागत. वडील रेल्वेत खलाशी होते आणि आई एका बंगल्यात धुणीभांडी करी. सुट्टीच्या दिवशी ती मला सोबत नेई. बंगल्याच्या मागच्या दाराशी एक दगडी पायरी होती. त्या पायरीपर्यंत माझी हद्द. पाणी मागितले की आतून बाई येत, मी दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरी, आणि त्या वरून धार सोडत. धार किती उंचीवरून सोडायची, मी किती वाकायचे, शेवटचे थेंब कोठे झटकायचे, हे मला कोणी शिकवले नव्हते. पण एकदाही चूक झाली नाही. बाई रागीट नव्हत्या, कधी वाईट बोलल्या नाहीत. त्यांनाही त्यांचे काम पाठ होते.

पुढे नाट्यशास्त्रावरची पुस्तके वाचताना पात्रांच्या हालचालींचे आखलेले नकाशे पाहिले, तेव्हा मला ती पायरी आठवली. अस्पृश्यता ही विचारांची गोष्ट आहे असे आपण भाषणांत म्हणतो. मुलाच्या अनुभवाला ती तशी येत नाही. त्याला ती हालचालींच्या रूपाने येते. कोणी कोठे उभे राहायचे, कोणी आधी बोलायचे, कोणती वस्तू कोणाच्या हाताला लागायची नाही, आवाज कितपत चढवायचा. नट, जागा, वस्तू, अंतर, सगळे ठरलेले. अक्षरे गिरवण्याच्या आधी दलित मूल हा खेळ शिकते, आणि आपण खेळत आहोत हे त्याच्या लक्षात येते तो क्षण त्याच्यातल्या नाटककाराचा पहिला क्षण असतो. आमच्या टीकाकारांनी या क्षणाकडे पाहिले नाही. त्यांनी पायरी पाहिली, ओंजळ पाहिली आणि 'दाहक अनुभव' असा शेरा मारून ते पुढे गेले. अनुभव दाहक होता हे मलाही ठाऊक आहे. पण चटका बसल्याने कोणी नाटककार होत नाही. तसे असते तर आमच्या खलाशी लाइनीत घरटी एक नाटककार निघाला असता.

दुसरी आठवण जयंतीची आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. १४ एप्रिलच्या रात्री वस्तीत मांडव पडे, भीमगीते होत आणि मध्यरात्रीच्या सुमाराला एखादे नाटुकले. नाटक बसवणारे काका रेल्वेत फिटर होते. प्रा. म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक १९५५ साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात बाबासाहेबांसमोर झाले होते आणि १९५६च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही झाले. काकांनी ते येथे गर्दीत उभे राहून पाहिले होते आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात नाटक शिरले होते. त्या वर्षी त्यांनी महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह बसवला. पण बाबासाहेबांचे सोंग कोणी घ्यायचे नाही, असा वडीलधाऱ्यांचा निर्णय पडला. तेव्हा काकांनी युक्ती काढली. बाबासाहेब पुढे गेले आहेत असे समजायचे, आणि त्यांच्या मागून येणारा एक साधा सत्याग्रही तेवढा लोकांना दिसेल. तो तळ्यापाशी येईल, वाकेल, ओंजळ भरेल आणि पिईल. तळे म्हणजे निळा कागद लावलेले घमेले. त्यात पाणी नव्हते, कारण खालची सतरंजी भाड्याची होती आणि भिजली तर भरपाई द्यावी लागली असती.

मी पडद्याआडून पाठ सांगत होतो. सत्याग्रही झालेला मुलगा संध्याकाळपासून मांडवात राबलेला, एप्रिलची रात्र, अंगावर कोणाचा तरी जाडाभरडा कोट. तो तळ्याशी आला, वाकला, रिकामी ओंजळ तोंडाशी नेली आणि घोट घेतल्यासारखे केले. मांडव शांत होता. तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठून उभी राहिली आणि ओरडली, "काऊन रे पोट्टेहो, खोटं पानी काऊन पाजून रायले त्याले? खरं द्या ना!" लोक हसले. काका पडद्यातून हात करून तिला बसायला सांगू लागले. ती बसली नाही. मांडवाशेजारच्या घरात गेली, पितळी गिलास भरून आणला आणि गर्दीतून वाट काढत थेट घमेल्यापर्यंत आली. मुलाने काकांकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले, आणि तो गिलास त्याने एका दमात रिकामा केला. सतरंजी भिजली. मग मांडवात जो आवाज उठला, तसा आवाज मी नंतर कोणत्याही नाट्यगृहात ऐकला नाही. पुढचा प्रवेश झालाच नाही.

त्या म्हातारीला नाटक कळले नाही, असे काका पुष्कळ दिवस म्हणत. मला आज उलट वाटते. भरपाईची भीती काकांनी पाहिली, तिने २० मार्च १९२७ पाहिला. सोंगातले पाणी तिला चालले नाही, कारण आयुष्यभर तिला पाण्याचे सोंगच मिळाले होते. रंगमंचावर कोणती वस्तू खोटी चालते आणि कोणती चालत नाही, हा नाट्यकलेतला अत्यंत मूलभूत प्रश्न तिने एका वाक्यात उभा केला. दैनंदिन जीवनातून येणारी प्रेरणा म्हणतात ती मला तरी अशीच भेटली. मी नाटककार झालो नाही, शिक्षक झालो. पण प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' ही १९७७ची एकांकिका हाती आली तेव्हा मी ती त्या गिलासासकट वाचली.

'घोटभर पाणी'त नट दोनच. त्या दोघांनी माणसे उभी करायची, बदलायची, पुन्हा उभी करायची. या तंत्राचे धागे काही जण पाश्चात्त्य प्रयोगशील रंगभूमीकडे नेतात. न्यावेत बापडे. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वभागात, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत, धान निघाल्यापासून होळीपर्यंत रात्र रात्र नाटके चालतात. झाडीपट्टीची रंगभूमी म्हणून ती आता सर्वांना माहीत झाली आहे. तिच्याही आधीपासून त्या मुलखात दंडार आहे, खडी गंमत आहे. तेथे नट खांद्यावरचा शेला डोक्याला गुंडाळतो आणि पाटील होतो, तोच कमरेला बांधतो आणि बाई होतो. नेपथ्याची वाट कोणी पाहत नाही. दोघांच्या सवाल-जवाबात गाव उभे राहते. ज्या मातीत ही रीत शेकडो वर्षे रुजली आहे तिथल्या नाटककाराने दोन नटांत सारा समाज दाखवला, तर त्याचा पत्ता परदेशात शोधण्याची घाई का व्हावी? आणि ही एकांकिका 'पाण्याच्या प्रश्नावरची' म्हणून एका ओळीत संपवण्याची घाई तरी का?

येथे मला एलकुंचवारांकडे परत जायचे आहे. 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगभूमीवर आले. वडील गेले आहेत, भाऊ दिवसांसाठी जमले आहेत, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे, सोने आहे ते कोणाचे यावरून मने फाटत आहेत. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही नाटके लिहून त्यांनी या घराची त्रिनाट्यधारा पूर्ण केली. 'युगान्त'मध्ये दुष्काळ आहे, गाव ओसाड झाले आहे, पाणी नाही. मी महाविद्यालयात शिकवीत असताना उत्तरपत्रिका तपासायला येत. 'युगान्त'वरच्या उत्तरात हमखास वाक्य असे की येथे पाणी हे प्रतीक आहे. 'घोटभर पाणी'वरच्या उत्तरात तितकेच हमखास वाक्य असे की येथे पाणी ही समस्या आहे. पोरांचा दोष नव्हता. मार्गदर्शक पुस्तकांत तसेच होते, आणि ती पुस्तके लिहिणाऱ्यांच्या डोक्यात ते त्याही आधीपासून होते. वाड्यातले पाणी आटले की ते मानवी अस्तित्वाचे होते. आमचे पाणी अडवले की ते समाजकल्याण खात्याचे होते.

वाड्याच्या नाटकात महार का नाही, अशी तक्रार आपल्या सभांतून अधूनमधून ऐकू येते. मी त्या तक्रारीत सामील नाही. न पाहिलेला माणूस कर्तव्य म्हणून रंगमंचावर आणला तर तो भाड्याच्या सतरंजीवरचे रिकामे घमेलेच होणार. एलकुंचवारांनी आपल्या वाड्याला मुळीच सूट दिलेली नाही. त्या घराची कीड आतलीच आहे हे ते दाखवतात आणि ते दाखवायला धैर्य लागते. माझे म्हणणे समीक्षकांना उद्देशून आहे. वाड्याचे चिरे कोणी घडवले, विहिरीवर कोणी यायचे नाही, गहाण पडलेल्या जमिनीत कोण राबत होते, हे नाटकाबाहेर राहिले तरी वाचनाबाहेर राहू नये.

गज्वींच्या बाबतीत मात्र केवळ बालपणाचा सिद्धान्त सरळच कोसळतो. कारण त्यांनी 'किरवंत' लिहिले. स्मशानात अंत्यविधी करणारा ब्राह्मण आणि त्याला आपल्याच जातीत मिळणारी अस्पृश्याची वागणूक हा त्या नाटकाचा विषय. डॉ. श्रीराम लागू यांनी ते रंगभूमीवर आणले. पिंपळगावच्या महारवाड्यातल्या मुलाच्या आठवणींत किरवंताचे घर कोठून येणार? "दलित लेखकाने बामणाच्या दुःखावर नाटक का लिहावे?" असे आपल्यातले काही मित्र तेव्हा चिडून विचारत, ते मी ऐकले आहे. त्यांना वाटे की अनुभवाची शिदोरी सोडून लेखक परक्या पंगतीला जाऊन बसला. मला तसे वाटले नाही, आजही वाटत नाही. पायरी कोठे संपते, धार किती उंचीवरून सोडतात, कोणी कोठे थांबायचे, हे ज्याला लहानपणापासून पाठ आहे त्याला तोच नकाशा दुसऱ्याच्या घरातही ओळखता येतो. ब्राह्मणाच्या ओसरीवर ब्राह्मणालाच थांबवलेले पाहून जो नाटक लिहितो, त्याने बालपणातून विषय घेतला नाही, दृष्टी घेतली. दलित नाटककाराच्या बालपणाचा खरा उपयोग मला येथे दिसतो. 'दलित साहित्य म्हणजे स्वानुभवाचे कथन' ही व्याख्या आपण आपल्या सोयीसाठी एके काळी स्वीकारली; तिचे कुंपण आता आपल्याच पायात येत आहे.

अमेरिकेतला काळा नाटककार ऑगस्ट विल्सन याचे उदाहरण विद्यार्थ्यांना मी नेहमी देत असे. पिट्सबर्ग शहरातल्या हिल डिस्ट्रिक्ट या काळ्यांच्या वस्तीत तो १९४५ साली जन्मला. पंधराव्या वर्षी त्याने नेपोलियनवर लिहिलेला निबंध त्याचा स्वतःचा आहे यावर शिक्षकाने विश्वास ठेवला नाही, आणि त्याने शाळा सोडली. मग सार्वजनिक ग्रंथालयात वाचन, आणि वस्तीतल्या हॉटेलांत, दुकानांत म्हाताऱ्यांची बोलणी ऐकत बसणे. विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकावर एक अशी दहा नाटके त्याने लिहिली. त्यांतली नऊ त्याच वस्तीत घडतात. त्याच्यावर अन्याय झाला ही गोष्ट खरी. पण नाटके आली ती ऐकत बसण्यातून. आपल्या वार्ताहराने विल्सनला गाठले असते तर निबंधाचा किस्सा वहीत उतरवून तो खूश होऊन निघून गेला असता, आणि हॉटेलातल्या म्हाताऱ्यांचे नावही त्याने घेतले नसते.

आपल्याकडेही असे ऐकणारे आहेत. नांदेडच्या दत्ता भगतांचे 'वाटा-पळवाटा' पाहा. काका, सतीश आणि अर्जुन अशा तीन पिढ्या एका घरात वाद घालतात, आणि चळवळीतल्या कोणत्याही कार्यकर्त्याला आपल्याच घरातले भांडण ऐकल्यासारखे वाटते. ते कान एका दिवसात तयार झालेले नाहीत. भगतांवर स्वतंत्रपणे लिहायला हवे, येथे एवढेच.

निवृत्त होण्यापूर्वीच्या शेवटच्या वर्षी अंतर्गत परीक्षेला मी प्रश्न जरा फिरवून घातला. '"युगान्त" आणि "घोटभर पाणी" या दोन्हींतील पाण्याचा विचार करा', इतकाच. प्रतीक नाही, समस्या नाही. बहुतेकांनी दोन ठरलेली उत्तरे एकाखाली एक जोडून दिली. इंदोऱ्याहून येणाऱ्या एका मुलीने मात्र प्रश्न सोडून 'वाडा चिरेबंदी'वरच लिहिले. तिने लिहिले होते की सर सांगतात त्याप्रमाणे वाड्याबाहेर कोण राबत होते ते विचारले पाहिजे हे बरोबर आहे, पण वाड्याच्या आत वहिनी दिवसभर राबते, तिच्याबद्दल सर काहीच बोलले नाहीत. आणि सरांनी सांगितलेल्या जयंतीच्या गोष्टीत सगळ्या पुरुषांनी नाटक केले, एका बाईने पाणी आणले, पण तिचे नाव सरांनी सांगितले नाही.

तिला मी दहापैकी आठ दिले. दोन गुण प्रश्न सोडल्याबद्दल कापले आणि नंतर बराच वेळ त्या उत्तरपत्रिकेशी बसून राहिलो. म्हातारीचे नाव मला खरोखरच आठवत नव्हते. वस्तीत चार जुन्या घरी जाऊन विचारले. गिलास सर्वांना आठवत होता, सतरंजीचे किती पैसे भरावे लागले हेही एकाला आठवत होते.